दार का उघडलं, त्याचा खुलासा

ती. मोठ्या आत्यास,

देवाखेरीज कोणापुढे वाकायचं नाही, हे तूच माझा कान पिळून शिकवलंस, म्हणून दंडवत न घालता उभ्याउभ्याच शालोम. (खरं तर बसून लिहितो आहे. पण तुझं नाव लिहिताना उठलो होतो.)

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला उजवा ऐकत नव्हता आणि डावा उलट बोलत होता, असं तूच म्हणाली होतीस. साखर किती आली? (रक्तातली. डब्यातली दर आठवड्याला कशी उतरते ते तुझ्या सुनेने कळवलं आहे. तिने कळवलं हे मी कळवलं असं तिला कळू देऊ नकोस, मला दोन्हीकडून मार नको.) माझी प्रकृती उत्तम आहे. वजन जरा उतरलं आहे, झोप लागत नाही, छातीत अधूनमधून धडधडतं आणि जिन्यात पावलं वाजली की मी श्वास धरून बसतो. बाकी काही नाही.

तू म्हणशील, फोन हाताशी असताना हे पत्र कशाला? आत्या, फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणतो. आजवर आपलं फोनवर असंच चाललं आहे आणि त्यात मला काही गैरसोय नव्हती. पण या वेळी मला सांगायचं आहे, आणि तुझा आवाज कानावर पडला की माझं सांगायचं पोटात परत जातं. कागद निदान मध्येच 'काय म्हणालास?' असं विचारत नाही. माझ्या कारखान्याच्या मालकांचा मेहुणा परवा तिकडे निघाला आहे, त्याच्या हाती हे देतो आहे. तर सांगायचं ते एका दमात सांगून टाकतो, कारण दुसरा दम माझ्याकडे शिल्लक आहे की नाही याची खात्री नाही. दारफाळणीच्या दिवशी मी दार उघडलं. चांदण्या दिसायच्या आधी.

आता पत्र खाली ठेव, घोटभर पाणी पी, मला जे बोलायचं ते समोरच्या भिंतीला बोलून घे आणि मग पुढे वाच. सगळं वाचल्याशिवाय बाबांना काही सांगू नकोस.

तुला आठवत असेल, सणाच्या आधी तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, "हे बघ, तुझ्या बापाच्या हृदयाची झडप बदलायची आहे. या वर्षी दारफाळणी नीट पाळ. त्या दिवशी वर सगळ्यांचा वर्षाचा निकाल लागतो, कोण राहणार आणि कोण जाणार. दिवस मावळायच्या आत दार लावायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. तोवर पोटात अन्नपाणी नाही. बाहेरच्याशी शब्द नाही. आपल्या पणजोबांनी पाळलं तसं पाळ. तुझ्या हातात आहे सगळं." आणि फोन ठेवलास. आत्या, तुला माहीत नाही का मी कसा आहे? घरात मला भागूबाई कोण म्हणायचं? औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलेलं असलं तर मी घेऊन झाल्यावरही थोडा वेळ हलवत बसतो. तू नुसतं 'पाळलंस तर बरं' म्हणाली असतीस, तर पाळून मी सुखाने झोपलो असतो. पण तू 'तुझ्या हातात' म्हणालीस. माझ्या हातात काही द्यायचं नसतं. माझ्या हातून रोज कवळ्या पडतात.

(कवळ्यांवरून आठवलं. सुनेला सांग की मी दातांचा डॉक्टर नाही, डॉक्टर लोक मापं पाठवतात त्यावरून कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत प्लास्टरचे साचे, मागच्या खोलीत मेणाची शेगडी आणि पॉलिशचं चाक. दिवसभर मी दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांकडे बघत असतो आणि सगळी मला हसत असतात. तिने बिल्डिंगभर मला डॉक्टर करून ठेवलंय, त्यामुळे गेल्या वेळी फोनवर कोणीतरी मला दाढ दाखवली.)

आता इथे आपल्यातलं, म्हणजे यहुद्यांतलं, कोणी नाही हे तुला ठाऊक आहे. घरी असताना उपास हा सगळ्यांचा मिळून असायचा. प्रार्थनालयात बाकावर दाटीवाटीने बसायचं, शेजारच्याच्या पोटातला आवाज ऐकायचा, काकांनी पान उलटलं की आपण उलटायचं, सगळे उठले की उठायचं. माझ्या वाट्याला त्या उपासातला लहानसा तुकडा यायचा. इथे अख्खाच्या अख्खा उपास माझ्या एकट्याच्या अंगावर. आणि त्यात बाबांची झडप.

तेव्हा ठरवलं की कुठे म्हणून कसूर ठेवायची नाही. तू शिकवलेलं सगळं आठवून आठवून केलं. पहिलं म्हणजे माफी. देवाचं केलेलं पाप देव माफ करतो, पण माणसाचं केलेलं माणसाकडेच जाऊन माफ करून घ्यावं लागतं, ते झाल्याशिवाय वर कोणी अर्ज उघडून बघत नाही. घरी हे किती सोपं असतं! सणाच्या आदल्या दिवशी सगळेच एकमेकांना 'चुकलंमाकलं माफ करा' म्हणत असतात, तू तर उत्तर द्यायला थांबतही नाहीस, फोडणी देता देता 'केलं, केलं' म्हणतेस. इथे मी सकाळी कारखान्यात शिरलो तो सरळ मालकांपुढे जाऊन उभा राहिलो. मालक पॉलिशच्या चाकाशी होते. मी म्हटलं, माझ्याकडून वर्षभरात काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. मालकांनी चाक बंद केलं. (ते चाक आग लागली तेव्हासुद्धा बंद केलं नव्हतं.) "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, उद्या मी येणार नाही. "कुठे जाणार आहेस?" आता सगळं समजावून सांगायचं म्हणजे आपण कोण, आपले सण कोणते, इथपासून सुरुवात. मला चार प्रश्नांपर्यंत उत्तरं येतात, पाचव्याला माझी बोबडी वळते. म्हणून मी नुसतं वर बोट केलं. देवापुढे, अशा अर्थाने. मालकांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला खुर्ची दिली. मालक कोणाला खुर्ची देत नाहीत. मला ते फार चांगलं लक्षण वाटलं.

घरी आल्यावर घरमालकिणीकडे गेलो. बाई खालच्या मजल्यावर एकट्या राहतात, तोंडाने फटकळ, गिझर जास्त वेळ चालू ठेवला की जिन्यातून ओरडतात. त्यांची इस्त्री माझ्याकडे होती ती परत केली, माझी कुंडी त्यांच्या दारात ठेवली (त्या दिवशी झाडाला पाणी घालायचं नाही, ते रोप बिचारं आपल्यातलं थोडंच आहे!), माफी मागितली आणि म्हटलं, उद्या माझं दार बंद राहील, कृपा करून कोणी वाजवू नये. बाईंनी इस्त्री छातीशी धरली. मग वरच्या मजल्यावर गेलो. तिथे एक व्यायामशाळेतला शिक्षक राहतो. त्याला सगळे पहिलवान म्हणतात, आणि त्याच्या वजनांनी माझ्या छताचा चुना पडतो. त्याचा पेचकस परत केला आणि त्याचीही माफी मागितली. त्याने माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडलाच नाही आणि म्हणाला, "भाऊ, रोज सकाळी थोडं धावत जा. सगळं ठीक वाटायला लागतं." परत येताना मला अगदी भरून आलं होतं. परक्या गावात माणसं किती समजूतदार आहेत, असं वाटलं.

आत्या, तू हुशार आहेस, तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

असो. दिवस कलताना अंघोळ केली, पांढरे कपडे घातले, कातडी चपला बाजूला ठेवून कापडी सपाता घातल्या, बाबांनी निघताना दिलेली सिसीथ, प्रार्थनेची शाल, अंगावर घेतली, आईच्या नावाचा दिवा लावला. मोह नको म्हणून मोबाइल बंद करून पिठाच्या डब्यात पुरला. मग दार लावलं. कडी, बोल्ट आणि साखळी. दाराच्या आत मी, बाहेर सगळं जग आणि वर निकाल. प्रार्थनेची सुरुवात केली तर आवाज असा चिरका निघाला की मीच दचकलो. घरी चूक झाली तर काका खोकून सुधारतात. इथे मी चुकलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो, न जाणो, वर कोणी नेमकी तीच ओळ ऐकली तर! अशाने निम्मी प्रार्थना तीनतीनदा झाली. मला खरंच वाटत होतं की बाबांची झडप या खोलीत, माझ्या टेबलावर काढून ठेवली आहे, आणि मी शिंकलो तरी फुटेल.

सकाळी पहिली टकटक झाली. मी पुस्तकात डोकं घातलं. दुसऱ्यांदा झाली, घरमालकीण होत्या. हाक मारली, थांबल्या, गेल्या. मग दुपारी मालकांचा आवाज आला! मालक, जे कारखान्यातून जेवायलासुद्धा बाहेर पडत नाहीत, ते माझ्या दाराशी! बाई त्यांना म्हणाल्या, "काल सगळ्या वस्तू परत केल्या हो त्याने. झाडसुद्धा देऊन टाकलं." मालक म्हणाले, "माझीही माफी मागितली. कुठे जातोस विचारलं तर वर बोट केलं." आणि पहिलवान म्हणाला, "मला तर हात थंडगार लागला त्याचा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ही माणसं मी जिवाचं काही बरंवाईट केलं असं समजून बाहेर उभी होती, आणि मी आत धडधाकट, पण शब्द बोलायचा नाही, दार उघडायचं नाही, लिहायचंही नाही. म्हणजे चिठ्ठी सरकवायची सोय नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर बाबा.

खूप विचार करून असं ठरवलं की खोकणं म्हणजे बोलणं नव्हे. म्हणून दाराजवळ जाऊन खोकलो. पण रात्रभर पाणी नाही, घसा प्रार्थनेने फाटलेला, त्यामुळे जो आवाज निघाला तो कोणी जिवंत माणसाने काढलेला वाटणार नाही असा होता. बाहेर बाई किंचाळल्या. पहिलवान (जो रोज एका हाताने माझ्याएवढं वजन उचलतो) दोन-दोन पायऱ्या सोडून खाली पळाला ते मला ऐकू आलं. मालक म्हणाले, "अजून धुगधुगी आहे! चावीवाल्याला बोलवा!" माझ्या खोकल्याने मी जिवंत आहे हे सिद्ध झालं, पण थोडाच वेळ राहीन असंही सिद्ध झालं.

आता चावीवाला येईपर्यंत मला जागं ठेवायचं असं बाहेर ठरलं. कोणीतरी म्हणालं, त्याच्याशी बोलत राहा, आपलं माणूस आहे असं वाटलं पाहिजे. आणि आत्या, तिथून पुढे जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मालक दाराला तोंड लावून म्हणाले, "अरे, ते रिटायर हेडमास्तर आठवतात? त्यांची कवळी शिट्टी मारायची, 'शिस्त' म्हणाले की सगळी बाग वळून बघायची. मी तुला बोल लावला. ती कवळी तू बरोबर केली होतीस. मीच नंतर हुशारी करून घासली. चार लोकांत तुला बोललो, ते मला बोलायला नको होतं." मी आत भिंतीला टेकून उभा. त्या शिट्टीवरून मी तीन महिने रात्री-अपरात्री दचकून उठत होतो! मग पहिलवान परत आला (धापा टाकत) आणि म्हणाला की माझी सायकल मांजराने पाडली नव्हती, त्याने पाडली होती, आणि मांजराचं नाव घेतल्याचं त्याला फार वाईट वाटतं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका गृहस्थांनी कबूल केलं की माझं वर्तमानपत्र आधी ते वाचतात आणि मग घडी घालून ठेवतात. मला घडीवरून संशय होताच. एकामागून एक माणूस येत होता आणि दारापाशी आपापलं पाप उतरवून ठेवत होता. माफी मागायला मी गेलो होतो ती नुसती तोंडाने, घरोघर पत्रिका वाटावी तशी, आणि ही माणसं काही न पाळता, भरल्या पोटी, माझी खरीखुरी माफी मागत होती. मला आत 'केलं, केलं' म्हणायची चोरी.

मी खाली वाकून दाराच्या फटीतून पाहिलं. चपला, बूट, सपाता. मोजल्या तर पुरुषांच्याच दहा जोड्या भरल्या. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणून आपल्याकडे सणाच्या दिवशी लोकांना घरातून ओढून आणतात, आणि इथे न बोलावता दहा जमले होते, आणि त्यांतला एकही आपल्यातला नव्हता. (दहावा चावीवाला होता हे नंतर कळलं.)

चावीवाल्याने हत्यारं काढली तसा माझा उरलासुरला धीर सुटला. त्याने आधी हुकाने खटपट केली, मग बोल्ट आहे असं म्हणाला, मग ड्रिल लावलं. आत्या, बंद खोलीत, उपाशीपोटी, ड्रिलचा आवाज ऐकून बघ. दातांच्या धंद्यातल्या माणसालासुद्धा तो सोसत नाही. मी खोलीच्या मधोमध उभा राहून प्रार्थना म्हणत होतो आणि खिडकीतून आकाश बघत होतो. चांगलं लख्ख ऊन होतं. सूर्याला खाली ढकलता आलं असतं तर ढकललं असतं. 'तुझ्या हातात आहे', 'तुझ्या हातात आहे', ड्रिलही तेच म्हणतंय असं वाटायला लागलं.

मग ड्रिल थांबलं. चावीवाला टोक बदलत असावा. आणि त्या शांततेत मला घरमालकीण ऐकू आल्या. त्या दाराला लागूनच खाली बसल्या होत्या. ओरडत नव्हत्या. हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊही असाच आला होता. इस्त्रीचे कपडे घालून. ताई, चुकलंमाकलं माफ कर म्हणाला. मी घाईत होते. म्हटलं, केलं माफ, जा आता, मला काम आहे." एवढंच बोलल्या आणि रडायला लागल्या.

आत्या, मी दार उघडलं.

साखळी काढली, बोल्ट काढला, कडी काढली, आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं, बाबा, बाबा, बाबा. ऊन अजून जिन्यात होतं. दार उघडलं तर पांढरे कपडे, वर पांढरी शाल, दोन दिवसांची दाढी आणि मागे तेवणारा दिवा, असा मी त्यांच्यासमोर. चावीवाल्याने ड्रिल माझ्यावर रोखलं. पहिलवान परत खाली पळाला. आणि बाईंनी, आधी मला हात लावून पाहिलं, मग थोबाडीत मारली, मग जवळ घेतलं. (त्या क्रमानेच.)

आता सुटलो असं तुला वाटेल, पण तिथून आगीतून फुफाट्यात. बाईंनी पाण्याचा पेला माझ्या तोंडाला लावला. मी मान हलवून नाही म्हटलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांनी बिस्किट पुढे केलं. नाही. कोणीतरी म्हणालं, "बघा, अजून मनातून गेलेलं नाही." तेव्हा मात्र मी मनाशी म्हटलं, दार तर गेलंच, आता शब्दाचं काय राहिलं! आणि बोललो. आपण कोण, हा दिवस कोणता, माफी का, पांढरं का, दार का. पाचव्या प्रश्नालाही उत्तर दिलं, सहाव्यालाही. बाबांच्या झडपेचंही सांगितलं. कोणी हसलं नाही. उलट मालक खालच्या आवाजात म्हणाले, "मग आम्ही मोडलं का रे तुझं?" मी म्हटलं, माहीत नाही.

मग त्यांनी ठरवलं की निदान उरलेलं तरी मोडू द्यायचं नाही. सगळे माझ्या खोलीत बसून राहिले. पलंगावर, जमिनीवर, उंबऱ्यावर. बाईंनी दिव्याला वारा लागू नये म्हणून मध्ये पाट उभा केला. कोणी खायचं नाव काढलं नाही, चावीवाल्यानेही डबा उघडला नाही. पहिलवानाला तीन चांदण्या दिसल्या की सांगायला गच्चीवर पाठवलं. तो वरून ओरडायचा, "एक दिसली! नाही, नाही, विमान आहे." आणि खाली सगळ्यांचे उसासे, जणू उपास त्यांनाच होता. मी शेवटची प्रार्थना म्हटली, ती वरची दारं बंद होताना म्हणतात ती. या वेळी चिरकलो नाही. मध्ये एके ठिकाणी अडलो तर मालक खोकले. त्यांना बिचाऱ्यांना घसा खवखवत असेल, पण मी त्या खोकल्यावर पुढची ओळ पकडली. मग गच्चीवरून पहिलवानाने व्यायामशाळेची शिट्टी फुंकली, लांबलचक, सगळ्या गल्लीतले कुत्रे भुंकेपर्यंत. आपल्याकडे त्या वेळी शिंग फुंकतात हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तर हे असं झालं. खोटं काही लिहिलेलं नाही. तेव्हापासून मी भीत भीत जगतो आहे. कारखान्यात फोन वाजला की हातातली कवळी सुटते. (मालक आता काही बोलत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते.) तू रागावणार हे ठरलेलंच आहे, पण रागावताना एवढं लक्षात घे की मी तुझं ऐकायचं म्हणूनच दार लावलं होतं, आणि उघडताना मला कोणाचंच ऐकू येत नव्हतं, एका बाईच्या रडण्याखेरीज.

घरातल्या सर्वांना शालोम. लहानांचे गालगुच्चे माझ्या वतीने घे, पण हळू.

तुझा भाचा,
भागूबाई

ता. क. दाराला नवं कुलूप बसलं आहे. त्याची एक किल्ली घरमालकिणीकडे असते. रोज सकाळी त्या जिन्यातून "आहेस का?" असं ओरडतात आणि मी "आहे!" असं ओरडल्याशिवाय त्यांचा चहा उकळत नाही. गिझरवरून आता बोलत नाहीत.

ता. क. दोन. प्रार्थनालयातल्या हजानसाहेबांना विचारून बघ की असं दार उघडलं गेलं तर त्याला काही उतारा आहे का, दुसऱ्या एखाद्या दिवशी भरून काढता येतं का. माझं नाव सांगू नकोस. ओळखीतला एक मुलगा म्हण. 'भित्रा मुलगा' म्हणू नकोस, त्यांना लगेच कळेल.

ता. क. तीन. वर लिहिलं आहे की मी बाईंच्या रडण्याने दार उघडलं. ते खरं आहे. पण ड्रिलचं टोक तोवर लाकडातून आत आलं होतं आणि ते बरोबर माझ्या नाकाच्या उंचीला होतं, हेही खरं आहे. दोन्हींतलं जास्त खरं कुठलं ते तू ठरव. मी ठरवायला बसलो की मला घाम फुटतो.

ता. क. चार. आत्या, हे सगळं वाचलं नसतंस तरी चाललं असतं. पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच आहे. आज सकाळी बाबांचा फोन आला होता. तू त्यांना ओळखतेस. 'हवा कशी आहे' आणि 'ठेवतो' याच्या मध्ये त्यांनी मला आजवर कधी काही म्हटलेलं नाही. चुकून कोणाच्या पायावर पाय पडला तर ते त्यालाच रागावतात. आणि आज हवा विचारून झाल्यावर म्हणाले, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर बरं का." सण होऊन गेला, आत्या. माफी मागायचे दिवस संपले. मग बाबा आता का मागत आहेत? मी 'आवाज येत नाही' असं म्हणून फोन ठेवून दिला. आवाज चांगला येत होता. म्हणून तू आत्ताच्या आत्ता उठ, गुडघे दुखत असले तरी जा, आणि त्यांना सांग की पोराने माफ केलेलं नाही. एकही गोष्ट माफ केलेली नाही. माफी हवी असेल तर आधी झडप बसवून घ्यायची, चांगलं हिंडूफिरू लागायचं आणि मग स्वतः इथवर येऊन मागायची. तूच सांग. मला ते दाद देणार नाहीत, तुला घाबरतात.